अक्काचा हिस्सा

“‘भागीदारांपैकी कोणाचाही मृत्यू झाल्यास,’” तडवळकर वकिलांनी वाचलं आणि अक्का उठली.

तिनं पदर सावरला, खुर्चीखालची पिशवी घेतली, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेली. पहिल्या खेपेला तिनं हेच केलं तेव्हा मी तिच्या मागे धावले होते. दुसऱ्या खेपेला खिडकीतून हाका मारल्या होत्या आणि खालच्या झेरॉक्सवाल्यासकट सगळ्या गल्लीनं वर बघितलं होतं. ही तिसरी खेप. मी जागची हलले नाही. डोकं इतकं तापलं होतं की उठले असते तर कुणाशी तरी भांडलेच असते, आणि समोर भांडण्यासारखे वकील एकटेच होते.

“बिराजदारवहिनी,” तडवळकर चष्मा काढत म्हणाले, “मी आजवर भावाभावांच्या वाटण्या केल्या. कोर्टात एकमेकांच्या अंगावर चपला फेकणारे पक्षकार पाहिले. पण साध्या भागीदारीच्या कागदावरून पळून जाणारं माणूस पहिलंच.”

“ते मरणाचं कलम काढून टाका ना, साहेब.”

“काढता येत नाही. दोघींचीच भागीदारी. एक गेली की भागीदारीच संपते. मग तिच्या हिश्श्याचं काय करायचं हे आज लिहून ठेवलं नाही, तर मागं राहणारी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल. ती तुम्हीच असाल, वयानं बघितलं तर.”

हे मला पटत होतं. मला सगळंच पटत होतं. ज्या बाईला पटायला हवं होतं ती एव्हाना खाली भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत असणार.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. नाव चन्नव्वा, पण सोलापुरातली आमची अख्खी गल्ली तिला चन्नक्का म्हणायची आणि घरात नुसतंच अक्का. ऐन तारुण्यात नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली ती कायमची. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं चूल मांडली आणि कडक भाकरी करून विकायला लागली. कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते, ती पापडासारखी पातळ थापायची, तीळ लावायचे, तव्यावर भाजून मग चुलीच्या कडेला निखाऱ्यासमोर उभी करायची. पार वाळली की महिनाभर टिकते, आणि शेंगाचटणीबरोबर तोंडात घातली की कुरकुर शेजारच्या घरात ऐकू जाते. अक्काच्या हातची भाकरी हातात धरून उजेडाकडे केली तर पलीकडचं माणूस दिसेल इतकी पातळ असायची. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधून देत होती.

पिशव्या, लेबल, पुण्याला माल पाठवणं हे माझं डोकं. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानदारानं नमुना चाखला आणि दर आठवड्याला माल हवा म्हणाला. फक्त त्याच्या अटी होत्या. पिशवीवर अन्नपरवान्याचा नंबर हवा, बिल फर्मच्या नावाचं हवं, पैसे फर्मच्या खात्यात जातील. खातं उघडायला गेले तर बँकेनं विचारलं, भागीदारीचा करारनामा कुठंय? परवान्याला तेच. शॉप ॲक्टला तेच. सगळ्या वाटा फिरून फिरून तडवळकरांच्या जिन्यापाशी येत होत्या, आणि त्या जिन्यावरून अक्का खाली उतरत होती.

खाली आले तर ती रिक्षात बसून माझी वाट बघत होती. मांडीवर कोथिंबीर.

“एवढा उशीर? शेंगा भाजायच्यात घरी.”

“अक्का, तो नुसता कागद आहे. त्यात लिहिलं म्हणून कुणी मरत नाही.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“मग उठलात कशाला?”

ती बाहेर बघत बसली. रिक्षा पार्कचा चौक ओलांडून गेली तेव्हा म्हणाली, “तुझ्या एकटीच्या नावावर कर की सगळं. माझं नाव कशाला पाहिजे त्यात? मी भाकरी थापते. थापत राहीन की.”

हेच ते. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या वडिलांचं बार्शीला कापडाचं दुकान होतं. कॉलेजात असल्यापासून लग्न होईपर्यंत त्या दुकानाची खरेदी मी बघितली, गिऱ्हाइकं मी जोडली, सुरतेच्या व्यापाऱ्याशी घासाघीस मी केली. पाटीवर नाव भावाचं. लग्नानंतर दिवाळीला गेले, गल्ल्यामागं जाऊन सवयीनं एक ठाण उचललं, तर नवा नोकर म्हणाला, ताई, मालकांना विचारून घ्या. नाव नसलेल्या माणसाला बाजूला करायला भांडण सुद्धा लागत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. अक्काच्या हाताचं माझ्या नावावर लावून घ्यावं हे माझ्या मनाला शिवणं शक्य नव्हतं. तिला अर्धा हिस्सा द्यायचा म्हणजे द्यायचा. आणि ही बाई तो घ्यायला तयार नव्हती. कुणाचा हक्क मारणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण हक्क द्यायला कुणाच्या मागे एवढं पळावं लागलेली मी एकटीच असेन.

“अर्धं तुमचं, अर्धं माझं,” मी म्हणाले. “नाहीतर मी हे बंद करते.”

“कर बंद,” अक्का म्हणाली.

घरी येऊन मी हे सगळं मल्लिनाथला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. शांत माणूस. इतका शांत की कधी कधी मला त्याच्या हातातला पेपर ओढून घ्यावासा वाटतो.

“बरोबर आहे की तिचं,” तो म्हणाला. “धंद्याची सुरुवात करायची आणि पहिल्याच कागदावर मरणाचं बोलायचं. जुनी माणसं आहेत. अभद्र वाटतं त्यांना.”

“मग काय लिहायचं? कुणी मरणारच नाही असं?”

“शब्द बदलून बघ.”

तडवळकरांनी शब्द बदलले. बिचाऱ्यांनी जीव ओतून बदलले. ‘मृत्यू’ काढून ‘देवाज्ञा’ घातली. मी ते टाइप केलेलं पान घरी आणलं आणि अक्काला जेवणानंतर वाचून दाखवलं. ती सुपारी कातरत ऐकत होती. देवाज्ञा आली, गेली, तिच्या चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, जिंकले. पुढचं वाक्य सुरू केलं आणि ती अडकित्ता ठेवून उठली. म्हणाली, मांजर दुधात तोंड घालतंय. आमच्या घरी मांजर नव्हतं.

मग वकिलांनी ‘शिवैक्य’ लिहून पाहिलं. लिंगायतांच्या घरी हाच शब्द, तो कुणाला अभद्र वाटायचं कारण नाही. त्याही वेळी तसंच. तो शब्द तिनं निमूट ऐकून घेतला आणि त्याच्या पुढं गेल्यावर उठली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण रागात माणसाला फक्त आपलाच आवाज ऐकू येतो. मी म्हणाले, तुम्हाला अर्धा हिस्सा नको तर नको, पण निदान तोंडानं कारण तरी सांगा. ती म्हणाली, “ज्वारी संपत आलीय.”

ज्वारीवरूनही आमचं वाजलेलं होतंच. दुकानदार म्हणत होता, पिशवीवर ‘मंगळवेढ्याची ज्वारी’ छापा, पुण्यात चार पैसे जास्त मिळतील. खरंच आहे ते. त्या काळ्या रानातल्या मालदांडीसारखी ज्वारी दुसरीकडे होत नाही, आणि मंगळवेढा सोलापूरहून काही लांब नाही. पण अक्का ऐकायला तयार नाही. बार्शीची आण, मोहोळची आण, कुठलीही आण, ती नको. कारण विचारलं की, “मला त्या पिठाची सवय नाही.” पिठाची सवय! जिनं लहानपणापासून हाताला येईल ते पीठ थापलं, ती मला सांगणार सवयीचं.

शनिवारी दुकानदाराचा फोन आला. आवाज गोड होता, म्हणजे बातमी वाईट होती. म्हणाला, “ताई, श्रावण संपत आला. गणपतीच्या आत मला रॅक भरायचाय. दुसरी एक पार्टी तयार आहे, त्यांचे कागद झालेले आहेत. सोमवारपर्यंत तुमचं कळवा. मला तुमचीच भाकरी आवडलीय, पण नंबर नसलेली पिशवी मी नाही ठेवू शकत.”

परवाना सोमवारी हातात येणार नव्हताच. पण सही झालेला करारनामा आणि अर्ज केल्याची पावती दाखवली तर तो थांबायला तयार होता. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासली.

मागच्या शेडमधून थापण्याचा आवाज येत होता. अक्का आणि तिच्याबरोबर भाकऱ्या थापायला येणाऱ्या शरणव्वा आणि जैनबी अशा तिघी जणी बसल्या होत्या. आणि अक्का बोलत होती. चांगली घडाघडा बोलत होती, जैनबीच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल, कुणाच्या तरी गुडघेदुखीबद्दल. मी हातात ओला डबा घेऊन उभी राहिले. ही बाई खुर्चीवर बसली की मुकी होते. जेवताना मुकी. रिक्षात मुकी. आणि पिठात हात गेला की तिची जीभ सुटते. इतकी वर्षं मी हे बघत होते. तिच्याकडून काही काढून घ्यायचं असेल तर घरातलं प्रत्येक माणूस चुलीपाशी जाऊन बसायचं. मल्लिनाथनं आमच्या लग्नाला तिचा होकार तिथंच मिळवला होता. आणि मी तिला कोर्टासमोरच्या गल्लीत, पंख्याखालच्या खुर्चीवर नेऊन बसवत होते.

मी तडवळकरांना फोन केला.

“मी? तुमच्या शेडमध्ये?” ते म्हणाले. “वहिनी, मी वकील आहे, भटजी नाही घरोघर जायला.”

“गरम भाकरी आणि शेंगाचटणी आहे.”

रविवारी सकाळी ते स्कूटरवरून आले. सुट्टीचा दिवस असून पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फाइल. शेडमध्ये धूर होता. त्यांना बसायला पाट दिला, तो त्यांना पुरेना, म्हणून पिठाच्या पोत्यावर बसवलं. पँटीला मागून पीठ लागलं ते त्यांना मी सांगितलं नाही.

अक्कानं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. पण परातीत पीठ भिजवलेलं होतं, तवा तापलेला होता, आणि भिजलेलं पीठ टाकून उठणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं पिठाचा उंडा हातात घेतला.

“खा, वकीलसाहेब,” ती म्हणाली. “कुरकुर ऐकू आली पाहिजे.”

त्यांनी भाकरी मोडली, खाल्ली, डोळे मिटले. मग हात झटकून कागद काढला आणि वाचायला लागले. फर्मचं नाव, पत्ता, नफ्यातोट्याची वाटणी अर्धी अर्धी, बँकेत सह्या दोघींच्या. अक्काचे हात चालू होते. थप् थप् थप्, परात फिरत होती.

“‘भागीदारांपैकी कोणाचाही मृत्यू झाल्यास,’” त्यांनी वाचलं आणि घाबरून थांबले.

“वाचा की,” अक्का म्हणाली. “मरणाला कोण भितंय? रोज निखाऱ्यासमोर बसते मी.”

मी शरणव्वाकडे पाहिलं, शरणव्वानं माझ्याकडे.

“‘...मयत भागीदाराचा हिस्सा तिच्या कायदेशीर वारसांना देण्यात येईल.’”

अक्काचे हात थांबले. परातीतली भाकरी मधोमध फाटली. मी त्या घरात आल्यापासून अक्काची भाकरी फाटलेली पहिल्यांदा बघितली. जैनबीनं उठून तवा बाजूला घेतला.

“माझे वारस कोण?” अक्कानं विचारलं. आमच्या कुणाकडं न बघता, परातीकडं बघून.

“आम्हीच की,” मी म्हणाले. “मल्लिनाथ आहे. भाचा तुमचा. ह्यात विचारायचं काय?”

तडवळकरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला.

“अक्का, मूलबाळ?”

“नाही.”

“यजमान गेले. त्यांच्या बाजूचं कुणी?”

“दीर आहे. त्याची पोरं आहेत. मंगळवेढ्याच्या पलीकडं रान आहे त्यांचं. ज्वारीच करतात.”

आणि ही मला पिठाची सवय नाही म्हणून सांगत होती.

“मग कायद्यानं ते,” वकील म्हणाले. “बाई मृत्युपत्र न करता गेली, मूलबाळ नाही, नवरा नाही, तर तिनं स्वतः कमावलेलं नवऱ्याच्या वारसांना जातं. आईबापाकडचा नंबर त्यांच्यानंतर. भाच्याचा तर आणखी पुढं.”

“काय बोलताय तुम्ही?” माझा आवाज चढला. “त्या लोकांनी हिला नेसत्या लुगड्यानिशी घालवून दिलं. इतक्या वर्षांत मेली का जगली विचारलं नाही. सगळं हिनं या चुलीवर कमावलं. आणि ते त्यांना?”

“कायदा मी केला नाही, वहिनी.”

“मग कुणी केला? त्याला आणा इथं.”

“लीला,” अक्का म्हणाली. “बस खाली.”

मी बसले. राग काढायला समोर कुणीच नव्हतं. कायद्याला शिव्या घालून काय होतं? तो काही पोत्यावर बसलेला नव्हता.

अक्कानं फाटलेली भाकरी गोळा केली, पुन्हा पिठात मिसळली आणि मळायला लागली. मळता मळता बोलली. तिची एक मावशी होती, हिच्यासारखीच परत आलेली. शिलाई मशीन घेऊन पोट भरायची, दोन शेरड्या पाळायची. मावशी गेली. माती देऊन माणसं परत आली तर अंगणात सासरची मंडळी बैलगाडी घेऊन उभी. मशीन गाडीत, शेरड्या गाडीला बांधलेल्या. अक्काच्या वडिलांनी हरकत घेतली तर गावातल्या शहाण्या माणसानं सांगितलं, तुम्ही मध्ये पडू नका, वारस ते आहेत.

“तेव्हापासून तो शब्द कानात बसलाय,” ती म्हणाली. “माझ्या आईनं लग्नात दिलेली पीठ मळायची लाकडी काठवट ठेवून घेतली त्यांनी. परत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, पण काठवट ठेवली. इथं परातीत मळायला शिकले मी. आता तुम्ही म्हणता अर्धं माझ्या नावावर. माझं काहीच नसलं तर ते काय नेतील? म्हणून म्हणत होते, हिच्या नावावर करा. आणि नाहीच तर तेवढी ओळ लिहू नका. लिहिलं नाही तर नाही ना मिळत?”

एवढे दिवस मी ज्याला मरणाची भीती समजून चिडत होते ते हे होतं. तिच्या हिशेबानं कागदावर न आलेला वारस घरातही येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी त्या ओळीच्या आधी उठून जायचं. ऐकलंच नाही म्हणजे ठरलंच नाही.

“उलट आहे, अक्का,” तडवळकर हळू आवाजात म्हणाले. “लिहिलं नाही तर नक्की त्यांना मिळतं. ते अडवायचं तर लिहावंच लागतं.”

“म्हणजे मी उठून जात होते ते त्यांच्याच फायद्याचं?”

“हो.”

अक्का हसली. आवाज न करता, खांदे हलवून. मी मात्र रडायच्या बेतात होते. आत्ता जे म्हणालात ते आधीच का नाही सांगितलंत, असं मला त्या दोघांनाही विचारायचं होतं. ती एवढी वर्षं गप्प, आणि हा माणूस तीन खेपा कागद वाचतो आणि वारस कोण ते एकदाही विचारत नाही.

“लिहायचं म्हणजे कसं?” अक्कानं विचारलं.

“वेगळा कागद. मृत्युपत्र. आपल्या मागं आपलं कुणाला, ते तुम्ही ठरवायचं. एकदा ते केलं की दीर नाही, त्याची पोरं नाहीत. करारनाम्यात मी ओळ बदलतो, हिस्सा मृत्युपत्राप्रमाणे जाईल.”

“स्टँप लागतो?”

“नाही लागत. साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार लागतात, तुमच्यासमोर सही करणारे. पुढं वाटलं तर नोंदणी करू.”

“आणि त्यात सगळं मरणाचंच असतं?”

“पहिल्या ओळीपासून.”

“मग आजच करा,” अक्का म्हणाली. “मला मरणाचा एक कागद चालत नाही असं ही घरभर सांगत फिरत होती. दोन करू.”

तडवळकरांनी फाइलमधून कोरे कागद काढले. साक्षीदार म्हटल्याबरोबर मी पुढे सरकले, पदराला हात पुसले. एवढं तरी माझं होतंच. खेपा मी घातल्या, वकिलाला शेडमध्ये मी आणलं, दुकानदाराची बोलणी मी खाल्ली.

“तू नको,” अक्का म्हणाली.

“का?”

“जैनबी करेल. शरणव्वा करेल. दोघींना सही येते.”

“मला पण येते सही. मी एम.कॉम.पर्यंत शिकलेय.”

“लीला, तू बाहेर जा जरा. दार ओढून घे.”

मी वकिलांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण काढत होते, मान वर केली नाही.

मी बाहेर गेले आणि दार जरा जोरातच ओढलं. धुणं धुवायच्या दगडावर बसले. पत्र्यावर ऊन तापत होतं. खरं सांगते, त्या घरात आल्यापासून एवढा अपमान मला कधी वाटला नव्हता. जैनबी चालते, शरणव्वा चालते. घरची सून चालत नाही. म्हणजे मी कोण? पिशव्यांवर लेबल चिकटवणारी. मनात आलं, बरोबर आहे, हीही कुणाच्या तरी घरची पाटीच आहे आणि पाटीवर माझं नाव नाही. वाटलं, सोमवारी दुकानदाराला कळवून टाकावं, दुसऱ्या पार्टीकडून घ्या, आमचं जमत नाही. मल्लिनाथ मागच्या दारात येऊन विचारून गेला, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, पेपर वाच.

आतून वकिलांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच अक्का म्हणाली, “जोरात वाचा, धुरात ऐकू येत नाही,” आणि जैनबी हसली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तडवळकरांनी करारनामा माझ्या हातात दिला. शेवटच्या पानावर अक्काची सही होती, मोठी, एकेक अक्षर सुटं काढलेली. चन्नव्वा बिराजदार. माहेरचं आडनाव लावलं होतं तिनं. माझ्या सहीची जागा रिकामी होती. मी दगडावर कागद ठेवून सही केली, ज्यासाठी इतके दिवस जीव टाकत होते ती सही, आणि मला काडीचा आनंद झाला नाही.

ते स्कूटरपर्यंत गेले. मी सोडायला गेले नाही. मग रीत म्हणून गेले.

“चांगलं झालं, वहिनी,” ते म्हणाले. “उद्याच अर्ज टाका.”

“साहेब, एक विचारू? मी साक्षीला का चालले नाही? माझ्यात काय कमी होतं?”

त्यांनी स्कूटरला किक मारली. ती चालू झाली नाही. दुसरी मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मृत्युपत्रात ज्याला मिळायचं असतं, त्याची सही साक्षीला घेत नाहीत. उद्या वांधा नको म्हणून. मी काही सांगितलेलं नाही तुम्हाला.”

तिसऱ्या किकला स्कूटर चालू झाली. पँटीवरचं पीठ तसंच घेऊन ते गेले.

अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. ती गेली तेव्हा दिराची पोरं खरंच आली, बैलगाडी नाही, जीप घेऊन. तडवळकर थकले होते, तरी कागद घेऊन आले. पोरांनी वाचला, चहा घेतला आणि गेली. धंद्यातलं एक पोतंही हललं नाही. आज पिशवीवर तिचं नाव आहे आणि कोपऱ्यात तो नंबर आहे, ज्याच्यासाठी मी तिच्यामागे जिने उतरले.

पण त्या रविवारी हे काही मला माहीत नव्हतं. मी अंगणात उभी होते, हातात करारनामा, आणि मघापासूनचा राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. बाहेर बसून मनातल्या मनात जे जे बोलले होते ते सगळं गिळून मी दार उघडलं.

अक्का चुलीपाशी होती. पीठ मळून तयार होतं. डोळे धुरानं लाल झाले होते, निदान तिनं तसंच सांगितलं असतं.

“रागावलीस?” तिनं विचारलं.

“हो.”

“बरं केलंस. कढत पाणी आण.”

मी पाणी आणून ओतलं. तिनं उंडा घेतला, थापायला लागली. परात फिरली, भाकरी मोठी मोठी होत गेली, आरपार दिसायला लागली. ती तव्यावर टाकून तिनं वर पाहिलं.

“ते मंगळवेढ्याच्या ज्वारीचं काय म्हणत होता तुझा दुकानदार?”

“पिशवीवर छापलं तर भाव जास्त येईल म्हणत होता.”

“आण मग,” अक्का म्हणाली आणि भाकरीवर पाण्याचा हात फिरवला. “दोन पोती आण.”